काकांचा निळा ड्रम

आमच्या मेहकरात एखाद्या घरी माणूस गेला की पहिला निरोप सोयऱ्यांना जायचा आणि दुसरा मंडपवाल्याला. तिसरा माणूस निरोपाशिवाय यायचा. तेरवी असो की पुण्यानुमोदन, पंगत बसायच्या आधी एक उंच, वाळकी मूर्ती मांडवात शिरायची. अंगात पांढरा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला खाकी पिशवी. मूर्ती फोटोला हात जोडायची, घरच्या कर्त्या माणसाशेजारी बसायची, जरा वेळ जमिनीकडे पाहायची आणि मग हळू आवाजात विचारायची, "बाबाच्या गोळ्या कुठं हायेत?"

हे आमचे मेडिकलवाले काका. नाव सांगत नाही. हल्ली ते अकोल्याला मुलीकडे असतात, आणि मी त्यांचं नाव कुठे छापलं असं कळलं तर पहिल्या बसने येऊन मला सोलतील. माणूस एवढा सुकला आहे, पण तेवढी ताकद अजून आहे.

बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचं औषधांचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून माझं चष्म्यांचं. औषध माणसाला आज लागतं, चष्मा पुढच्या दिवाळीलाही चालतो. त्यामुळे त्यांच्या दुकानात गर्दी आणि माझ्या दुकानात निवांतपणा. हा निवांतपणा मी वाया घालवला नाही. खुर्ची दारात ओढून मी वर्षानुवर्षं शेजारचा खेळ पाहिला. तिकीट नाही, मध्यंतर नाही. आणि पाहिलेलं सगळं संध्याकाळी गावाला सांगायचं, हा माझा दुसरा धंदा. तो पहिल्यापेक्षा चांगला चालायचा.

काकांच्या दुकानात औषध मागायला जाणं म्हणजे पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जाणं.

"काका, डाक्टर सायबानं हे लिहून देल्लं."

"पयल्या गोळ्या संपल्या?"

"नाही. बरं वाटलं म्हून सोडल्या."

"मंग त्या कुठं हायेत?"

"घरी. खिळ्याले."

"आन त्या. इथं टाक, अन् हे घेऊन जाय."

"राहू द्या ना काका. पडतीन कोनाच्या कामी."

"औषध म्हंजे काय लोनचं हाये काय बे, मुरलं म्हंजे चांगलं लागाले?"

तापाने फणफणलेलं लेकरू कडेवर असेल तर काका अवाक्षर न काढता औषध देत. बाकीच्यांना मात्र सुटका नसे. खिळ्याची भानगड बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवी. आमच्याकडे प्रत्येक घरात भिंतीला एक खिळा असतो आणि खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात विजेची बिलं, लग्नपत्रिका, जुनी राखी आणि खाली तळाला गोळ्या. अर्ध्या पट्ट्या, पाव पट्ट्या, चांदी फाटलेल्या, कोणाच्या, कशाच्या, देवाला माहीत. डोकं दुखलं की घरातली म्हातारी पिशवीत हात घालणार आणि रंग पाहून गोळी काढणार. पांढरी डोक्याला, पिवळी पोटाला, लाल अशक्तपणाला. काका कोणाच्याही घरी चहाला गेले की चहाच्या आधी त्यांची नजर खिळ्याकडे जायची. घरची बाई शहाणी असेल तर काका फाटकात दिसताच पिशवी उचलून आतल्या खोलीत न्यायची.

आणि माणूस मेला की गोळ्यांना सोन्याचा भाव यायचा. गेलेल्याचे कपडे गरजूला द्यावेत, काठी एखाद्या म्हाताऱ्याला द्यावी, ही आपली रीत. चांगलीच आहे. आमच्याकडे लोकांनी ती औषधांपर्यंत वाढवली होती. "डबा अर्धा भरेल हाये, फेकाव कसा? पाप लागते." मग बाबाच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या बाबाच्या भावाला, कारण एकाच रक्ताची माणसं. साखरेच्या गोळ्या व्याह्याला, कारण तोही चहात साखर घेत नाही. एकदा एका घरातून रक्त पातळ करायच्या गोळ्या तेरवीच्या लाडवांबरोबर बांधून रोहिणखेडच्या आत्याबाईंना पाठवल्या. आत्याबाईंचं काय दुखत होतं? गुडघे. काकांना दुपारी कळलं. त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि मिळेल त्या गाडीने, दोन ठिकाणी बदलून रोहिणखेड गाठलं. दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊन परत आले. लाडूही घेऊन आले. आत्याबाईंनी रागाने म्हटलं होतं, "न्यायच्या असतीन त सगळंच न्या."

"गोळीले नातं नसते," हे काकांचं आवडतं वाक्य. ते दुकानात, मांडवात, एसटीत कुठेही म्हणायचे. पुष्कळांना तो एखाद्या संताचा अभंग वाटायचा.

त्यांचा सगळ्यात मोठा विजय जानेफळच्या रस्त्याला एका मळ्यात झाला. भाजीपाला करणारं कुटुंब, कष्टाळू, मिरचीला करपा आलेला. घरात कोणाच्या तरी आजारपणातल्या कॅप्सूल उरल्या होत्या. मळेकऱ्याने त्या फोडून बादलीत कालवल्या आणि मिरचीच्या बुडाशी ओतल्या. काकांना पत्ता लागला. मला स्कूटरवर मागे बसवून ते तिथे गेले.

"हे काय करून राह्यला तू?"

"काका, मानसाच्या अंगातले जंतू मरतात ना त्यानं? मंग मिरचीनं काय घोडं मारलं?"

काका बांधावर बसले. मग त्यांनी त्या माणसाला शांतपणे समजावलं, की जमिनीत पाजलेलं औषध जमिनीतल्या जंतूंना तालीम देतं. रोज थोडा थोडा मार खाऊन पोरगं कोडगं होतं, तसा जंतू कोडगा होतो. मग तुझ्या लेकराला खरंच गरज पडेल तेव्हा गोळी लागू पडणार नाही. मळेकरी ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हे पटलं. पन काका, मिरची सुधरली हो." परतीच्या वाटेवर काका मला म्हणाले, "हे गावात सांगजो नोको." मी सांगितलं नाही. फक्त पानठेल्यावर, सलूनमध्ये आणि तहसीलच्या आवारात उल्लेख केला.

तर अशा जमवलेल्या गोळ्यांसाठी काकांनी दुकानात एक निळा ड्रम ठेवला होता. झाकणाला पत्रपेटीसारखी फट, कडीला कुलूप, किल्ली काकांच्या करदोड्याला. वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: "उरलेली औषधे येथे टाकावीत. पैसे मिळणार नाहीत. वाद घालू नये." सुरुवातीला लोकांनी त्यात एसटीची तिकिटं टाकली. एका म्हातारीने फटीला कुंकू लावून नारळ ठेवला. हळूहळू सवय झाली. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं भाजीच्या पिशवीतून गोळ्यांची पिशवी काढून ड्रममध्ये सोडू लागली. काही जण डावी-उजवीकडे पाहून सोडायचे. ते का, हे पुढे कळेल.

ड्रम भरला की माल समोरच्या दवाखान्यात जायचा. तिथे दवाखान्याचा कचरा न्यायला पिवळ्या पिशव्यांची गाडी येते आणि तो दूर कुठेतरी मोठ्या भट्टीत जाळला जातो. डॉक्टर आधी कबूल नव्हते. "तुमचा कचरा माझ्या गाडीत कशाला?" काकांनी दवाखान्याच्या पायरीवर रोज जाऊन बसायला सुरुवात केली. येणारा पेशंट काकांना पायरीवर पाहून समजायचा की आत काहीतरी झालंय, आणि परत फिरायचा. डॉक्टरांनी आठवड्याच्या आत हो म्हटलं. तशा डॉक्टरांच्या गाडीला चार पिशव्या जास्त म्हणजे ओझं नव्हतंच.

आता मुख्य खेळ.

बाजारपेठेतले एक मोठे व्यापारी वारले. तेरवीला काका गेले आणि खाकी पिशवी भरून माल घेऊन आले. साखरेची इंजेक्शनं, हृदयाच्या गोळ्या, कितीतरी सीलबंद. व्यापाऱ्यांना एक पुतण्या होता. तरुण, तालेवार, सावलीतसुद्धा गॉगल लावणारा, कुठल्यातरी निवडणुकीला उभं राहायच्या तयारीतला. त्याच्या मनात आलं, एवढा महागाचा माल हा म्हातारा फुकट का नेतो? दुकानात परत विकत तर नसेल? विचार आला तसा त्याने तो गावाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकला: "मेलेल्याच्या गोळ्या जित्याले! सावधान!" पुढे हात जोडलेलं चित्र, मागे डोळे वटारलेलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सगळं आधीपासून माहीत होतं. एकाच्या गोळीला म्हणे वास येत होता. एकाची पट्टी आधीच उघडलेली होती. एकीच्या सासूला काकांची गोळी घेतल्यावर मेलेला व्यापारी स्वप्नात दिसला. सकाळी दुकानासमोर माणसं जमली. पुढे पुतण्या.

"काका, ड्रम रस्त्यावर आना. सगळ्याइच्या समोर उलटा करा. पाहू काय हाये अन् काय गेलं."

काका काउंटरमागे उभे होते. म्हणाले, "ड्रम उघडनार नाही."

"काऊन?"

"नाही म्हंजे नाही."

"पाहा! मी म्हनत नव्हतो?"

लोकांनी हू केलं. काकांनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे हात केला, "तुले काय पाह्यजे?" गिऱ्हाईक म्हणालं, "काही नाही, मी सहज," आणि मागे सरकलं.

त्यानंतर दुकानाची कळा गेली. येणारं माणूस गोळी घेऊन दारात उजेडात धरून पाहायचं. पुढे पुढे येणंच बंद झालं. आयाबाया लेकरांचं औषध आणायला पार दुसऱ्या टोकाच्या दुकानात जाऊ लागल्या. समोरच्या डॉक्टरांनी निरोप पाठवला, "गडबड मिटेपर्यंत पिशव्या पाठवू नका." म्हणजे ड्रम गच्च भरलेला आणि हलायचं नाव नाही. काका स्टुलावर बसून रिकाम्या रस्त्याकडे पाहत. ज्या माणसाने उभ्या हयातीत गिऱ्हाइकाला कधी "या" म्हटलं नव्हतं, तो आता रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे पाहायचा. मला ते पाहवेना. एवढंच नव्हे, माझ्या करमणुकीचं काय, हाही प्रश्न होताच.

मी दुपारी दोन कप चहा घेऊन गेलो. "काका, उघडून टाका ना एकदाचा. घंटाभराचं काम. तोंडं बंद होतात सगळ्यांची."

काकांनी चहा बशीत ओतला. म्हणाले, "त्याच्यात मायं अक्षर हाये."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. काकांची एक पद्धत होती. गोळ्या कधी पट्टीतून कापून द्याव्या लागतात, त्यावर नाव राहत नाही, गोळ्यांत गोळ्या मिसळतात. म्हणून काका प्रत्येकाला कागदी पाकिटात गोळ्या देत आणि पाकिटावर स्वतःच्या सुबक अक्षरात लिहीत: माणसाचं पूर्ण नाव, गाव, कशासाठी, कधी घ्यायची. "कशासाठी" हे त्यांनी मुद्दाम घातलं होतं, म्हणजे म्हाताऱ्यांनी रंग पाहून गोळी खाऊ नये. लोक गोळ्या परत आणून टाकायचे ते त्याच पाकिटांसकट. नाव खोडून आणा म्हणून काका घसा सुकेपर्यंत सांगत. कोणी खोडत नसे.

"कोनाले काय बिमारी हाये, सगळं मायाच हातानं लिहेल हाये," काका म्हणाले. "कोनाचं डोक्याचं औषध, कोनाचं फुफ्फुसाचं. काही त घरच्याइलेबी माहीत नाही. चौकात उलटा केला त मी चोर नाही हे दिसन. पन मंग गावाचं काय होईन?"

"तर मग आधीच तेवढी पाकिटं काढून घ्या. कोणाला कळतंय?"

"कुलूप हाललं त म्हनतीन मालच काढला."

"मग हेच सांगा की लोकांना! की बाबांनो, तुमच्याचसाठी उघडत नाही."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते मुरलेल्या गोळ्यांकडे पाहत. "तसं म्हटलं त प्रत्येक जन शेजाऱ्याकडं पाहीन. 'तुयं काय हाये त्याच्यात?' अन् दुकान बंद पडलं त पडू दे. मी काय जनमभर बसतो काय इथं?"

चहा संपला.

दरम्यान पुतण्याने रीतसर तक्रार केली होती. एका सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणाहून औषध खात्याचे साहेब आले. शांत, घामेजलेले, हातात चामडी बॅग. गर्दी त्यांच्या आधीच हजर. साहेबांनी आधी कपाटं तपासली, खरेदीच्या पावत्या मालाशी ताडून पाहिल्या. पावणेबारापर्यंत तेच चाललं. सगळं जुळलं. मग ते ड्रमकडे वळले.

"हा उघडावा लागेल. पंचांसमोर. आतली औषधं वापरता येणार नाहीत अशी करायची आणि पुढे पाठवायची. पंच कोण होतंय?"

"मी!" पुतण्या म्हणाला.

"तक्रार तुमची. तुम्ही नाही." साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे चहाची गाडी लावणारी मावशी उभी होती, तिला बोलावलं. मग माझ्याकडे बोट केलं. "हे शेजारी ना? तुम्ही या."

पुतण्याचा चेहरा असा उजळला की गॉगलची गरजच उरली नाही. "हाव साहेब! हेच पाह्यजे! याइच्यावाल्या तोंडाले झाकनच नाही. आज सांजेलोक सगळं गावाले समजते." गर्दी हसली. मीही हसलो. गावाने आपल्या कामाची दखल घ्यावी, यापेक्षा माणसाला काय हवं?

मग मी काकांकडे पाहिलं. काकांनी करदोड्याची किल्ली मुठीत धरली होती. चौकात ड्रम उलटवला असता तर गाव एकदाच पाहणार होतं. मी पाहिलं तर गावाला ते मी मरेपर्यंत ऐकायला मिळणार होतं, आणि दर वेळी थोडं वाढवून.

साहेबांनी गर्दी बाहेर काढून शटर अर्ध्यावर ओढलं. आत आम्ही चौघं. काका म्हणाले, "साहेब, एक इचारू? पंचानं नेमकं काय पायचं असते?"

"औषधं फटीतून टाकलेली बाहेर आली, कापली, भिजवली, पिशवीत भरून सील केली. एवढं."

"नाव वाचायची गरज हाये?"

"कसली नावं?"

काकांनी करदोड्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं, वरचं एक पाकीट काढून फक्त साहेबांच्या डोळ्यांसमोर धरलं. साहेबांनी वाचलं. मग ड्रममध्ये डोकावलं. मग खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

"नाही," ते म्हणाले. "गरज नाही."

"मावशीचं ठीक हाये," काका म्हणाले, "तिले वाचता येत नाही."

"मले काय, मी आंगठ्याची बाई," मावशी म्हणाली. "पन याइचं काय कराल? हे त दुरूनबी वाचतात."

काकांनी काउंटरवरून हात लांब केला आणि माझ्या नाकावरचा चष्मा उचलला.

माझ्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड आहेत. चष्मेवाल्याला चष्मा असतो याचं लोकांना नवल वाटतं, पण न्हाव्यालाही दाढी येतेच. चष्मा नाकावरून उतरला की माझ्यासाठी जग म्हणजे पाण्यात पडलेली रांगोळी. काकांनी तो घडी करून स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"आता चालते. कापलेलं दिसते, भिजलेलं दिसते. अक्षर दिसत नाही. साहेब, लिहा याचं नाव."

साहेब माझ्याकडे पाहत असावेत. "तुमची हरकत?"

मी नाटकी माणूस. अशा वेळी छातीवर हात ठेवून दोन वाक्यं बोलायची, असं मनात आलं. पण समोर काकांचा उंच ढग माझ्या उत्तराची वाट पाहत उभा होता. मी म्हणालो, "हरकत नाही."

दुपारभर ते काम चाललं. काका आणि साहेब पाकिटं फाडून, पट्ट्या कापून गोळ्या बादलीत टाकत होते. मावशीने आपल्या गाडीवरचा चहाचा चोथा आणून ओतला. त्यात माती, त्यात पाणी. काका काठीने घोटत होते. फाडलेली पाकिटंही त्याच चिखलात. मावशी मला धावतं वर्णन सांगत होती: "हे पाहा, गुलाबी आल्या. आता पिवळ्या. बाप रे, हे त पांढऱ्याचं पोतंच हाये. कोन खाते एवढं?" आणि काकांचा आवाज: "मावशे, तोंडाले कुलूप." व्यापाऱ्याची सीलबंद इंजेक्शनं होती तशी निघाली. ती साहेबांनी एकेक करून मोजून वेगळ्या डब्यात बंद केली; पुतण्याच्या तक्रारीत लिहिली होती तेवढीच भरली. बादलीतला तो राखाडी लगदा आठवला की अजून मला माझ्या दुकानात चहा नको वाटतो. सगळं पिवळ्या पिशव्यांत गेलं. मी सही केली. साहेबांनी बोट धरून जागा दाखवली.

चष्मा परत मिळाला आणि शटर वर गेलं. साहेबांनी गर्दीला सांगितलं, दुकानात काही गैर नाही, ड्रममधला एकही जिन्नस दुकानाच्या मालात नाही. गर्दीला हे उत्तर आवडलं नाही. पुतण्या सरळ माझ्याकडे वळला.

"बोला चष्मेवाले. काय काय होतं?"

आता माझी अडचण पाहा. मला काही दिसलं नाही म्हणावं, तर पंच खोटा आणि काका पुन्हा चोर. मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला, परत लावला, आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत म्हणालो, "सगळं पाहिलं."

"कोनाकोनाचं?"

"सगळ्यांचंच होतं."

मागच्या रांगेतला एक जण घरी काम आठवून निघाला. मग दुसरा. पुतण्याने गॉगल लावला, काढला, परत लावला. "बरं मंग," तो म्हणाला, "झालं ना समाधान सगळ्याइचं?" आणि मोटारसायकलला किक मारली. त्याला काय आठवलं होतं, मला कसं माहीत असणार? मला त्या दिवशी गुलाबी आणि पिवळ्यापलीकडे काही माहीत नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात तो माझ्या दुकानात आला आणि भाव न करता नवा गॉगल घेऊन गेला.

त्यानंतर गावाने मला जो मान दिला, तो माझ्या लग्नातही मिळाला नव्हता. रस्त्याने जाताना "रामराम" आणि "जय भीम" दोन्ही बाजूंनी बरसायचे. बँकेतला कारकून मला पाहून उभा राहायचा. तहसीलमधलं माझं रखडलेलं काम आपोआप झालं. एका गुरुजींनी मला घरी जेवायला बोलावलं आणि जेवणभर एकही शब्द बोलले नाहीत, फक्त वाढत राहिले. मी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. खिळा होता, पिशवी नव्हती. काकांचं गिऱ्हाईकही परत आलं. आधी एकेक, मग पूर्वीसारखं. काका पूर्वीसारखेच खेकसत होते, फक्त पाकिटावर नाव लिहायचं त्यांनी सोडलं. आता फक्त चांदोबा आणि सूर्य काढायचे, रात्री आणि सकाळी.

माझा मान पाहून काका चिडायचे. "तुले काय दिसलं होतं बे?"

"गावाला काय माहीत?"

"लोकाइले भेव वाटून राह्यलं तुयं. तुले मजा वाटते?"

वाटत होती. खोटं कशाला बोलू? पण मग एक दिवस एक बाई आल्या.

कुठल्या गावच्या, ते सांगत नाही, आणि शोधूही नका. साधं लुगडं, हातात रिकामी पिशवी. दुकानात आल्या आणि उभ्याच राहिल्या. मी स्टूल पुढे केलं. बसल्या नाहीत.

"नजर तपासायची का, ताई?"

"नाही भाऊ." त्यांनी दाराकडे पाहिलं. "तुम्ही पंच होते ना? त्याच्यात... माया पोरीचं पाकीट होतं."

मी हातातली काच खाली ठेवली.

"तिचं जमलं हाये. पुढच्या महिन्यात कुंकवाचा कार्यक्रम हाये. औषध आता बंदच हाये तिचं, डॉक्टरनंच बंद केलं, म्हून त टाकलं. आमी सांगनारच हाओत पोराकडच्याइले. पन आमच्या तोंडानं. कोन्या चौकातून नाही. तुमी वाचलं असन त... तिले कशाचं..."

"ताई, थांबा," मी म्हणालो. माझ्या तोंडून हा शब्द याआधी कोणी ऐकला नसेल. "मला काही सांगू नका. मी काही वाचलं नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता. का बसावा? सगळं गाव सांगत होतं की चष्मेवाल्याने सगळं पाहिलं, आणि गावाला ते मीच सांगितलं होतं. त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. जायलाही तयार नव्हत्या.

मी चष्मा काढला आणि त्यांच्या हातात दिला. "त्या दिवशी हा काकांच्या खिशात होता. तुम्ही तिकडे दारात जाऊन उभ्या राहा. आणि हाताची बोटं दाखवा."

त्या गेल्या असाव्यात. दारातल्या उजेडात एक निळसर धूर हलला. धुरातून काहीतरी वर आलं.

"किती बोटं?" त्यांनी विचारलं.

मी डोळे बारीक केले. मान पुढे काढली. पंचाची अब्रू पणाला लागली होती. "तीन," मी म्हणालो. मग घाईने, "नाही. चार."

मग पावलं जवळ आली, चष्मा काउंटरवर ठेवल्याचा आवाज झाला, आणि त्या बाई हसू लागल्या. आधी पदरात, मग पदराबाहेर, मग डोळे पुसत पुसत.

"मूठ होती, भाऊ," त्या म्हणाल्या.